नजरेचा टाका

पटलं तर घ्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. सुरत, डिंडोली. मागच्या दिवाळीनंतरचा रविवार, दिवस मावळताना.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझी बायको गायत्री घरी बसून साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करायची. कॉम्प्युटरवर, एकेक टाका माउसने. काम संपलं, की शेवटी एक टाका मुद्दाम उलटा घालायची. नजर लागू नये म्हणून.

जन्मभर लोकांच्या साड्या सजवल्या. स्वतःसाठी एक पदर करायला घेतला, त्यात एकच पोपट झाला... आणि ती गेली. तापाचं निमित्त. दवाखान्यातही आपली साडी राहिली, हेच घोकत होती, "मनी साडी ऱ्हायनी."

त्या रविवारी गल्लीतले लूम बंद होते. तो खडखडाट नसला, की घर खायला उठतं. म्हणून तिचा कॉम्प्युटर लावला. उगाच.

निळा पडदा आला. म्हणजे सिस्टम कोसळली.

सिस्टम कोसळताना मेमरीत जे काही असेल, ते डिस्कवर एका फाइलीत उतरवून ठेवते. धंद्याची सवय... मी ती फाइल उघडली. आतली चित्रं बाहेर काढली.

तिचा पदर होता.

पण... पोपट दोन होते.

डिझाइनची मूळ फाइल पाहिली. तिथे एकच.

मी मेमरीची पट्टी बदलली. नवी कोरी टाकली.

पुन्हा निळा पडदा.

पोपट तीन.

मित्र वैभव कॉम्प्युटर विकायलाच सांगत होता, "भाऊ, ईकी टाक ते डबडं. नही तं येडा व्हई जाशी."

खरं सांगू? मला भीती वाटतच नव्हती. कामावरून आलो, की मीच तो चालू करायचो. जेवणाचं ताट घेऊन समोर बसायचो, तो कधी बंद पडतो याची वाट बघत. घरात कुणीतरी होतं.

मग एक दिवस पदर भरला. पोपट, वेली, काठ, सगळं.

मी प्रत्येक टाका मोठा करून पाहिला...

सगळे सुलटे.

उलटा तेवढा राहिला होता. तो घातला, की तिचं काम संपलं. मग ती कशाला थांबेल?

मी प्लग काढला. वायर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आजही रविवार आहे. लूम बंद आहेत. हे मोबाइलवर लिहितोय आणि मागे... माउस वाजतोय.

टिक.

मग बराच वेळ काही नाही.

पुन्हा टिक.

तिची साडी मीच अडवून धरलीय, कळतं मला. पण कपाट उघडायला हात होत नाही.