ओढ्यापलीकडची ओ

कोयोटी, हा इथला रानातला कोल्हा, ओळखणं अवघड नाही. आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ, मोठे टोकदार कान. पळताना तो शेपूट खाली ठेवतो. मागावरूनही कळतं. कुत्रा रमतगमत, हुंगत, दहा ठिकाणी वळत चालतो. कोयोटी सरळ रेषेत जातो, पावलापुढे पाऊल टाकत. उद्या सकाळी उजेडात मी तुम्हाला सगळं दाखवीन. संध्याकाळी मात्र मी कुणाला ओढ्यावर नेत नाही. का, ते ऐकायचं असेल तर दार लावून घ्या आणि बसा.

सन पंच्याऐंशीचा जानेवारी. मी इथंच, टेक्सासमध्ये पीएचडी करत होते, विषय कोयोटी. हे फ्रिस्को म्हणजे खेडंच. पाण्याची टाकी, कापसाची शेतं आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर वाळलेलं गवत. माझे बाबा, राजाराम मास्तर, निवृत्त होऊन नागपूरहून मला भेटायला आले होते. रोज संध्याकाळी मी कोयोटींची मोजणी करायला निघायचे. त्या दिवशी तेही हट्टानं ट्रकमध्ये चढून बसले.

मोजणीची रीत अशी. एका जागी ट्रक थांबवायचा, टपावरचा भोंगा वाजवायचा आणि मग चिडीचूप उभं राहून ऐकायचं. भोंगा ऐकला की कोयोटी रडल्यासारखे ओरडतात. दोनच असले तरी दहाबारा वाटतात, म्हणून कान तयार लागतो.

"बाबा, ट्रकमध्येच बसा हं. मी त्या उंचवट्यावर जाऊन ऐकते. एकदम सायलेंट राहायचं."

"तू तुझं काम कर ना, बेटा," ते हसून म्हणाले. "मी काय लहान पोरगा आहो काय?"

मी भोंगा वाजवला आणि ट्रककडे पाठ करून उंचवट्यावर उभी राहिले. सूर्य बुडाला होता. खालच्या ओढ्याकडून ओलसर, कुजक्या पानांचा वास येत होता. उत्तर आलं नाही. एकही कोयोटी ओरडला नाही, आणि तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. इथला तो वारा वाईट. बघता बघता हवा अशी गार होते की हाडं दुखायला लागतात.

परत आले तर ट्रकचं दार उघडं. बाबा नव्हते. त्यांचा कोट सीटवर तसाच पडला होता.

"बाबा!"

"ओ!" ओढ्याच्या बाजूनं लगेच आवाज आला.

माझा जीव भांड्यात पडला. बाबा ओ देणारच. तिन्हीसांजेला हाक आली तर तीनदा येईपर्यंत ओ देऊ नये, असं आजी म्हणायची, आणि बाबा तिच्याशी भांडायचे. बाबासाहेबांचा माणूस मी, भूतखेत मानत नाही, म्हणायचे. हाक आली की ओ द्यावी, कुणाला तरी आपली गरज असते. आमच्या वस्तीत रात्रीबेरात्री कुणीही हाक मारो, पहिली ओ बाबांची असायची.

मी कोट घेऊन ओढ्याकडे धावले. "बाबा, तिथंच थांबा!"

"ओ… मीरा… मी येतोय… तू कुठं चाललीस?"

मी कुठंच चालले नव्हते. मी त्यांच्याकडेच येत होते. पण त्यांचा आवाज दूर जात होता, जणू मीच समजून पुढं चाललेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मागून ते जात होते. मी धावले, पडले, हात सोलवटून घेतले. ओ आता ओढ्यापलीकडून येत होती. मग आणखी पलीकडून. अशा थंडीत नुसत्या स्वेटरवर माणूस किती टिकेल? मी रडत, ओरडत राहिले. आवाज फाटला. शेवटी ट्रकचे दिवे लावून ठेवावेत, त्यांना दिशा कळेल, म्हणून मी परत फिरले.

दिवे लावले, आणि उजेडात बाबा येताना दिसले. ओढ्याच्या उलट्या बाजूनं.

एरवी ते गप्पा मारत, इकडे तिकडे बघत चालणारे. आता सरळ माझ्याकडे येत होते. मी त्यांना मिठी मारली, कोट घातला. अंग गरम होतं.

"कुठं गेला होतात, बाबा?"

"फिरत होतो."

ट्रक रस्त्याला लागतोय तोच मागून, फार लांबून ऐकू आलं.

"ओ… मीरा… ओ…"

मी ब्रेक दाबला. शेजारी बसलेल्या बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांबू नको," ते हळूच म्हणाले. "उत्तर देऊ नको. तिन्हीसांजेला तीनदा हाक आल्याशिवाय ओ देऊ नये…"

मनगट सोडवून मी ट्रक वळवला. परत त्या ओढ्याशी गेले, खाली उतरले आणि घसा बसेपर्यंत बाबांना हाका मारल्या. आता मात्र चहूकडून नुसते कोयोटी ओरडत होते. माझ्याबरोबर आलेले ते ट्रकमध्येच बसून होते, काचेतून माझ्याकडे बघत.

सकाळी मी एकटीच गेले. ओढ्याकडे उतरणाऱ्या चिखलात बाबांच्या बुटांचे ठसे होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी कोयोटींचे माग. परतीचा एकही ठसा नव्हता. पोलिसांना सांगणार तरी काय? ज्याला शोधायचं तो माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता.

महिन्याभरानं ते नागपूरला गेले. आई, रत्नाबाई, आनंदात होती. काही दिवसांनी तिचा फोन आला. "मीरे, तिकडं तुझ्या बाबांना काय झालं होतं गं? हाक मारली तर ओ देत नाहीत. नुसते येऊन मागं उभे राहतात."

या गोष्टीला चार वर्षं झाली. डिग्री कधीच मिळाली, बाहेरून नोकऱ्याही आल्या, पण मला हा भाग सोडवत नाही. दर हिवाळ्यात मी बाबांसाठी कोट घेऊन ओढ्यावर जाते आणि हाक मारते. दर वेळी ओ येते. फोनवर बाबांचा आवाज अजून होता तसाच आहे. ओढ्यापलीकडचा मात्र म्हातारा होत चाललाय. यंदा ओ द्यायच्या आधी तो बराच वेळ खोकत होता.