अकरा चाळीसची थरथर

सकाळचे अकरा चाळीस झाले आणि वाऱ्याच्या बोगद्यात बसवलेला विमानाचा पंख पुन्हा थरथरला. सलग चौथा दिवस. पडद्यासमोर बसलेल्या इंजिनिअर बाईने कपाळाला हात लावला.

बोगद्यात वारा सोडलेला असता तर एक वेळ ठीक होतं. पंख लवचीकच असतो. वाऱ्याने वाकतो, वाकला की वारा त्याला वेगळा लागतो, मग तो आणखी वाकतो. ठरावीक वेगाला दोघांचं असं काही जमतं की पंख फडफडत सुटतो आणि मोडतो. तो वेग आधीच शोधून काढणं हे तिचं काम. पण आता वारा बंद होता. काचेपलीकडे कागदाचा कपटाही हलला नसता. तरी पडद्यावरची रेघ नागमोडी झाली. सेकंदाला चार हेलकावे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. एकोणिसाव्या सेकंदाला रेघ एकदम सपाट, पंख मोडल्यावर होते तशी. पंख मात्र जागच्या जागी, धडधाकट.

तिने वायरी बदलल्या, सेन्सर बदलले, जेवणाला दांडी मारली. एवढं शिकून एका फळकुटापुढे हात टेकायची वेळ आली, याचाच तिला जास्त संताप येत होता.

प्रत्येक चाचणीआधी मिस्त्री पंखावर टकटक करायचे आणि तळवा टेकवून त्याची थरथर शांत करायचे. तीस वर्षांची सवय.

"एरवी तळवा टेकला की गप्प होतो," ते म्हणाले. "हा होत नाही. उलट माझंच कोपर हलायला लागतं."

साहेबांनी हसण्यावारी नेलं. "विजेचा काहीतरी घोळ असेल, मॅडम. शुक्रवारी खरं विमान उडणार म्हणजे उडणार."

ते विमान उडवणार होता तिचा सख्खा मोठा भाऊ. आणि उड्डाणाच्या तक्त्यात सर्वांत जास्त वेग गाठायची वेळ होती अकरा चाळीस.

तिने परवानगीच्या कागदावर सही केली नाही. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं, दादाने फोन उचलणं बंद केलं. पण तिच्या सहीशिवाय विमान जागचं हलणार नव्हतं. उड्डाण रद्द झालं.

शुक्रवारी दादा तणतणतच प्रयोगशाळेत आला.

"दोन वर्षं वाट बघितली मी. तोंडचा घास काढलास माझ्या. दाखव आता काय ते!"

"आधी बस. चहा घे. पाच मिनिटांत दिसेल."

तो बसला. डावा हात टेबलावर, कपाला धरून.

अकरा चाळीस. पडद्यावरची रेघ सरळ होती.

काचेपलीकडे मिस्त्रींनी पंखावर तळवा टेकवला आणि मान हलवली. "आज काहीच नाही, मॅडम."

तिचा जीव भांड्यात पडला. मग लाजही वाटली.

"झालं समाधान?" दादा म्हणाला.

बशीत कप वाजत होता.

तिने खाली बघितलं. सेकंदाला चार.

"दादा, थंडी वाजतेय का रे?"

"छे. का?"

चहा बशीत सांडला. मग टेबलावर.

तिने त्याच्या हातावर तळवा टेकवला. सगळा जोर लावून दाबला.

तिचं कोपर हलायला लागलं.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा चौदावर आला होता.