माइक लावलाच नव्हता

ऊसतोडीच्या दिवसांत शिरूर कासारच्या गल्ल्या कशा होतात, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. दिवाळी सरली की ट्रक भरभरून माणसं कारखान्यांकडं निघतात. मागं उरतात कुलपं, कुत्री आणि म्हातारी माणसं. रोहिणीच्या शेजारची चतुराबाईही नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "आमच्या म्हातारीकडं बघ बाई." म्हातारी म्हणजे तिची सासू, चंद्रभागाबाई. रोहिणी तिला रोज दुपारी भाकरी नेऊन द्यायची.

रोहिणी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, पण तिचं खरं वेड वेगळंच. लहानपणी खेळलेल्या कॉम्प्युटर गेमचं संगीत ती पुन्हा वाजवून रेकॉर्ड करायची. त्यासाठी बीडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना सिंथेसायझर तिनं आणला होता. लाकडी बाजूंचा, उचलताना कंबर धरायला लावणारा. तापला की धूळ जळाल्यासारखा वास सोडायचा. कॉम्प्युटरनं नुसते सूर कळवायचे, सिंथेसायझरनं ते वाजवायचे, आणि तो आवाज वायरीतून थेट रेकॉर्डिंगमध्ये. मध्ये माइकच नाही. बाहेर कुत्रं भुंको की ट्रॅक्टर जावो, रेकॉर्डिंगला त्याचा पत्ता नसायचा.

त्या रविवारी सकाळी तिनं एका गेममधल्या भुयाराचं संगीत रेकॉर्ड केलं. दुपारी भाकरी घेऊन शेजारी गेली. आजी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. "आज लई उशीर केलास गं," म्हणून हसलीसुद्धा.

घरी परतून रोहिणीनं हेडफोन लावला आणि सकाळचं रेकॉर्डिंग ऐकायला बसली. संथ, खोल सूर. एकामागून एक, ओल्या भिंतीवरून पाणी निथळावं तसे. आणि त्या सुरांच्या मागं काहीतरी खणखणलं. तांब्या पडावा तसं. मग घोगरा आवाज.

"रोहिणेऽ... पाणी दे गं..."

तिनं हेडफोन काढला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुन्हा लावला, मागं नेऊन ऐकलं. तांब्या... आणि तोच आवाज. आजीचाच. पण माइक तर खोक्यात होता, चिकटपट्टीसकट! मग हा आवाज आत शिरला कुठून? आणि सकाळी आजी पाणी मागत होती, तर आत्ता उंबऱ्यात हसली कशी? रोहिणीला काही सुधरेना. विचार करत बसण्यापेक्षा जाऊन बघावं, म्हणून ती उठली.

उंबऱ्यात शेंगांची टरफलं होती. आजी नव्हती.

ती आत रांजणापाशी आडवी पडलेली होती. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. पडलेला तांब्या अजून फरशीवर डुलत होता. रोहिणीनं तिच्या ओठांना पाणी लावलं, कोपऱ्यावर राहणाऱ्या परमेश्वरची जीप बोलावली, आणि सरकारी दवाखाना गाठला.

"अजून थोडा वेळ गेला असता, तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

फोनवर चतुराबाई रडली. "तुला कसं कळलं गं?"

"सहज गेलते," रोहिणी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

पुढं कितीतरी दिवस ती त्या कोड्यात होती. वायरी बदलल्या, तेच संगीत पुन्हा रेकॉर्ड केलं. स्वच्छ आलं. जुनं लावलं की तांब्या पडायचा आणि आजी हाक मारायची. आधी आवाज आला आणि मग म्हातारी पडली, हे ती स्वतःशी म्हणून बघायची आणि अर्ध्यातच थांबायची.

आजी काठीवर हिंडायला लागली, तशी एके दिवशी सकाळी स्वतःच रोहिणीकडं आली. "मी हाक कुठं मारली व्हती बाय? नरड्यातनं आवाजच निघंना. तू आलीस कशी?"

रोहिणीनं तिला खुर्चीवर बसवलं. हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि ते रेकॉर्डिंग लावलं.

आजी ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यो माजाच आवाज हाय... पन मागून कोन बोलतंय?"

"मागून? कोण?"

"'थांब, ती येईल' म्हनतंय." आजीचा चेहरा एकदम बदलला. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, हेडफोनवरून, कपाळापर्यंत. काठी बाजूला ठेवली आणि खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसली. "आत्याबाई हायत्या..."

"कोण आत्याबाई?"

"माजी सासू."

त्या सासूला रोहिणीनं कधी पाहिलंही नव्हतं. रोहिणी या गल्लीत राहायला येण्याच्या कितीतरी आधी ती बाई वारली होती. रोहिणीनं रेकॉर्डिंग बंद केलं. सिंथेसायझर बंद केला. मग हेडफोनची पिनच उपटून काढली. पिन तिच्या मुठीत होती, कशालाच न जोडलेली.

आजी मान डोलवतच होती.

"व्हय आत्याबाई... व्हय... हितंच हाय ती..."

"आजी, काढा ते... बंद केलंय मी..."

आजीनं तिच्याकडं पाहिलं. सावकाश हेडफोन काढला, दोन्ही हातांत धरला आणि रोहिणीपुढं केला.

"घे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुज्याशी बोलायचंय त्यांना."