खालून ओढलेला दोर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. ज्याच्या घरात घडलं तो रुपचंद माझा मावसभाऊ. आजही दोंडाईचाला राहतो.

गेल्या श्रावणातला दुसरा सोमवार. भर दुपार.

तापीच्या घाटावर आंघोळीला गेलेल्या बायका रडत परतल्या. त्यांच्यात रुपचंदची बायको रत्ना नव्हती. पाय घसरला, धारेला लागली.

रुपचंदचे काका, चिंधा आबा, जुने मासेमार. तीन दिवस त्यांनी होडीतून नदी पालथी घातली. चौथ्या दिवशी म्हणाले, "नाही लागली रे."

प्रेत नाही, म्हणून अग्नी नाही. दहावं नाही.

दिवाळीआधी आबाही गेले. त्यांच्या सामानातली एक चकरी रुपचंदकडे आली. हाताने घडवलेली, सागाची, मध्ये सायकलचं फ्रीव्हील ठोकलेलं. दांड्यावर खाचा. गुंडाळलेला दोर जेमतेम हातभर, टोक सुरीने कापलेलं.

"पतंगाची असेल," मुलगी दिपमाला म्हणाली.

चकरी फळीवर ठेवली. दुसऱ्या दुपारी आवाज आला...

टिक... टिक... टिक...

दोर बाहेर ओढला गेला, तरच ते फ्रीव्हील वाजायचं.

खोलीत कोणी नव्हतं.

हातभर दोर दाराकडे ताठ झाला होता.

ओला होता.

रुपचंद चकरी घेऊन झुलाल नानांकडे गेला. आबांच्या होडीत वल्हं मारायचे ते.

"नाना, ही कशाची? पोरगी म्हणते पतंगाची."

"मंग उडाव पतंग!" नाना हसले. मग त्यांनी चकरी नीट पाहिली, आणि हात मागे घेतला.

"हाई बुडेल माणसेस्नी शे, भाऊ."

पाण्यात गळ सोडून आबा बुडालेल्यांना वर काढायचे. एक प्रेत, एक उभी खाच. रुपचंदने मोजल्या. चौदा उभ्या.

शेवटी एक फुली.

"ही?"

"खालतून कोनी दोर वढा, तर कापी टाकना पडस. नई ते धरणारा खाले जास."

"कोणी ओढला होता, नाना?"

नाना उठून आत जायला निघाले.

"नाना!"

"तुनी बाईनी. तिसऱ्या दिनी. तीन झटका... धीरे धीरे."

आबांनी रडत दोर कापला होता. तुला सांगितलं असतं तर तू उडी टाकली असती, एवढंच नाना म्हणाले. आणि दारापर्यंत येऊन, "आते तू काप. मंग ती परत येत नई."

रुपचंद घरी आला. दोराचं टोक मुठीत धरून बसला.

झटका आला...

दुसरा...

तिसरा.

हळूच. झोपलेल्याला उठवावं तसा.

"बाबा, कापा ना!" दिपमाला रडत होती. सुरी तिनेच आणून दिली होती.

रुपचंदने सुरी दोराला लावली. मग बाजूला ठेवली.

आता तो रोज दुपारी दार लावून बसतो. परवा मी गेलो, तेव्हा त्याच्या तळहाताची साल निघालेली होती.

दोर अजून कापलेला नाही. रत्नाचं दहावं अजून झालेलं नाही.