रापणीचा वाटा

पांढराशुभ्र शर्ट घालून कोणी रापण ओढायला येतं का? हा आला होता! टीव्ही मालिकांमधला देवेश. आमच्या तोंडवली गावातलं डोळ्यांचं शिबिर त्याच्याच पैशांनी भरलं होतं. किनाऱ्यावर आमची माणसं रापणीचं लांबलचक जाळं ओढत होती, ते काठाला लागतच आलं होतं. फोटोवाला म्हणाला, "सर, जरा दोर धरा." त्याने धरला, हसला, सोडला आणि गाडीकडे निघाला.

मी पिशवीत बांगडे घालून मागे धावले.

"अहो, तुमचो वाटो घेवन जावा!"

"मी द्यायला आलोय, घ्यायला नाही."

"रापणीच्या दोराक ज्येना हात लायलो, तेका वाटो गावताच. मगे तो कोणय असो."

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवी घेतली.

त्याच शिबिरातून माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी देवेश पुन्हा आला, फोटोवाल्याशिवाय. बाबा मला बघून म्हणाले, "योगिनी, बारीक झालंस गो!" आणि मला रडूच फुटलं. देवेशने रुमाल पुढे केला.

"बांगडे खाल्लात?" मी डोळे पुसत विचारलं.

"ड्रायव्हरला दिले."

मला रागच आला. हातात येईल ते देऊन टाकायचं... मग याच्याजवळ स्वतःचं असं काय उरत असेल?

त्या हिवाळ्यात तो येतच राहिला. एकदा सुरूच्या बनात थांबून म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

तो मला आवडत होता. खूप. तरी मी नको म्हटलं.

"का?"

"तुमी बाबांची नजर परत दिलात. आता मी हो म्हटला, तर ती माया की उपकाराची फेड, ता माझा माकाच कळाचा नाय."

तो वाळूतून गाडीकडे चालत गेला. नंतर कितीतरी दिवस आला नाही. मी रोज रस्त्याकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

मार्चमधल्या एका सकाळी तो रापणीच्या दोरावर दिसला – जुन्या टीशर्टात, कमरेपर्यंत भिजलेला. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत त्याने दोर सोडला नाही. तळहात पार सोलवटले होते. बाबांनी वाटे घातले, त्यालाही सगळ्यांएवढाच.

म्हाताऱ्या यमुनाबाईंनी मुद्दाम हात पुढे केला. "हिरो, तुका इतके कित्याक होये? माका दोन दी रे!"

याला तर द्यायची सवयच!

त्याने बांगडे छातीशी धरले. "नाय आजी... माजो वाटो आसा."

सगळे खो खो हसले. मला मात्र भरून आलं. आज तो कुणाला काही देत नव्हता, आमच्यातलाच एक वाटेकरी होता. आणि तरी तो मला तेवढाच आवडत होता. छे, जास्तच!

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आज घ्यायला आलोय," हळूच म्हणाला. "मिळेल?"

"बांगडे साफ करूक येतत?"

"नाही..."

"मगे चला घराक, शिकवतंय. आता जन्मभर करूचे लागतले."