कुंडम रस्त्यावर तापलेली वॅगन

बोटभर लांबीची, तपकिरी काडी. एक टोक कोरडं, दुसरं ओलं. जयाने ती उचलून हुंगली. वाळा! शेडमध्ये जिथे आजोबांची स्टेशन वॅगन उभी असायची, तिथे आता फक्त तेलाचा डाग होता. तिथून फाटकापर्यंत अशाच काड्या सांडल्या होत्या.

"गाडी चोरीला गेली!" धाकटी बहीण इंदू ओरडली.

"चोर वाळा कशाला सांडेल?"

तेवढ्यात चुलतभाऊ दिवाकर घामाघूम होऊन आला. "आमच्या कूलरचा वाळा कोणीतरी काढून नेला! आणि बाबाही घरात नाहीत!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रीकांतकाका, दिवाकरचे बाबा!

टिकाराम आजोबांनी त्या जुन्या वॅगनची मागची बाकं काढून पुस्तकांची कपाटं बसवली होती. दर सुट्टीत ते ती घेऊन कुंडमकडच्या गावांत पुस्तकं वाचायला द्यायला जायचे. नजर अधू झाली आणि गाडी थांबली. बेबीआत्याला गाडी चालवता यायची, परवानाही होता, आणि त्या फेऱ्या तिला पुढे चालवायच्या होत्या. काकांना मात्र ती वरातीसाठी गाड्या भाड्याने देणाऱ्याला विकायची होती. आजोबांचं दोघांनाही एकच उत्तर, "पाहू." तो शब्द ऐकला की जयाचे कान तापत.

"काल बाबा कुंडमच्या वरातवाल्याला म्हणून राहिले होते," दिवाकर चाचरला, "की उद्या गाडी आणून दाखवतो."

"कोणाला न विचारता? इंदू, आत्याला बोलाव! बस पकडू."

चौघं बसने निघाले. कांचघरची वस्ती मागे पडली, घरं विरळ झाली. जया दात आवळून खिडकीत बसली होती. एका वळणावर ती ताडकन उठली. "भैया, रोको!"

वॅगन कडेला उभी होती. बॉनेट उघडं, वाफेचे लोट! समोरच्या जाळीवर वाळ्याचा दुपदरी पडदा सुतळीने करकचून बांधलेला, धुळीने माखलेला. काका हाताला गमछा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले होते.

"काका, हात काढा! उकळतं पाणी तोंडावर उडेल!"

काका दचकून मागे सरले. पण काकांच्या फोनवरून तिथे पोहोचलेला वरातवाला हातपंपावरून बादली भरून आला होता. "हटो बिटिया! एक बाल्टी ठंडा पानी, और इंजन शांत!"

"तापलेलं लोखंड तडकेल!" जया किंचाळली. कोणी ऐकेना. बादली वर गेली. तेवढ्यात दिवाकरने झेप घेऊन ती हिसकावली आणि सगळी स्वतःच्या डोक्यावर उपडी केली!

"काहून करून राहिला बे असं?" काका गरजले.

"घरचा कूलर तुम्हीच नेला ना, बाबा! मला गरम होऊन राहिलं होतं!"

इंदू खदखदून हसली. जया हसली नाही. तिने वाळ्याकडे बोट दाखवलं. "हे कशाला बांधलंत?"

"इंजिन थंड राहावं म्हणून! घरात नाही का गार वाटत?"

"घरात वाळ्यातून वारा येतो, काका! इथे दोन पदर, त्यात धुळीचा चिखल. हवाच आत जाईना, मग रेडिएटर निवणार कसा?"

"इंजन तो गया," वरातवाला म्हणाला. "अब कबाड़ है."

"कबाड असेल तर तुम्हाला कशाला हवी? आप जाइए!" बेबीआत्या कडाडली. तो पाय आपटत गेला. "श्रीकांत, सुतळी काप!"

पडदा निघाला. रेडिएटरला हात लावता येईपर्यंत सगळे पळसाच्या सावलीत बसले. मग आत्याने इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी भरलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. काका मागे, कपाटांच्या मध्ये, खाली बसले. तापमानाचा काटा घरापर्यंत मध्यावरून हलला नाही.

आजोबा फाटकात उभे होते. सगळं ऐकून त्यांनी दिवाकरचं ओलं डोकं कुरवाळलं. "शाब्बास पोरांनो! जया, तुझ्या डोळ्यांनी गाडी वाचली. आणि श्रीकांत, तुला लाज कशी नाही वाटली?"

"चूक एकट्या काकांची नाही, आजोबा," जया म्हणाली. "तुम्ही नुसतं पाहू, पाहू म्हणत राहिलात. आत्याने किती वेळा विचारलं! गाडी कोणाची ते तुम्ही सांगितलं असतं, तर काकांची हिंमत झाली असती का?"

"जया!" काका ओरडले.

"बोलू दे तिला. खरं बोलून राहिली."  आजोबा स्टिअरिंगवर बसलेल्या लेकीकडे वळले.

"बेबी, गाडी तुझी. कुंडमला कधी निघायचं, ते तू सांग."