पेवातली ओ

मास्तरांना शाळेत जुन्या वस्तू मांडायच्या होत्या. नांगर मिळाला, मोट मिळाली, आता जुनं धान्य हवं होतं; म्हणून भर दुपारी ते म्हाताऱ्याच्या अंगणात ठाण मांडून बसले, तिथलंच पेव उघडा म्हणाले.

"त्यात काय असणार? किडे!" म्हातारा खेकसला.

"किडे तर किडे. पोरांना तेही दाखवू, बाबा."

सून हसली. म्हातारा हसला नाही.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट खोलीएवढं. आतली कोंडलेली हवा माणसाला गुपचूप झोपवते. म्हणून आधी दिवा सोडायचा, मग कमरेला दोर बांधून माणूस. वरच्यानं सारखी हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची. ओ थांबली की ओढायचं.

तीस वर्षांपूर्वी याच पेवात म्हाताऱ्याचा थोरला भाऊ गेला. वर दोर धरायला हाच होता. शेतात कुणाची गुरं घुसली म्हणून दोर खुंटीला अडकवून हा शिव्या घालत धावला. परत आला तोवर सगळं आटोपलं होतं. गावाला सांगितलं, "जागचा हललो नाही. शेवटपर्यंत ओ देत होता, मला काय कळणार?" गावानं मानलं. वहिनीनंही मानलं.

दिवा नीट जळला. मास्तर दोर बांधून उतरले, वर दोर म्हाताऱ्याच्या हाती. धान्य उकरलं तसा आतून आंबूस, उबट वास वर आला.

"मास्तर!"

"ओ!"

धान्याची एक पाटी वर आली. दुसरी येईना.

"मास्तर, झोपा काढताय का?"

"ओ..."

आवाज घोगरा वाटला. धुळीनं असेल.

"मास्तर..."

"ओ..."

पुन्हा हाक मारायला म्हाताऱ्यानं घसा खाकरला. हाक अजून तोंडातच होती, आणि खालून आली...

"ओ."

त्यानं दोराला हिसका दिला. "सूनबाई, धाव! ओढ!"

मास्तर वर आले ते ओल्या पोत्यासारखे. ओठ निळे. तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, तेव्हा कुठे श्वास सुरू झाला.

"ओ देत होतात की हो!" म्हातारा ओरडला.

"कसली ओ, बाबा... पाटी पाठवली आणि जीभच उचलेना. तुमची हाक ऐकू येत होती नुसती..."

सून हळूच म्हणाली, "म्हणजे मामंजी, थोरल्यांच्या वेळचं तुम्ही सांगता ते खरंच की."

म्हाताऱ्यानं पेवावर शिळा सरकवली, फटी चिखलानं लिंपल्या, हात धुतले, पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीवर बसला होता. बसवत नव्हतं, उठवतही नव्हतं. शिळेखालून बारीक आवाज आला.

"धाकट्या..."

त्यानं पंचा तोंडात कोंबला. थोड्या वेळानं पुन्हा.

"धाकट्या..."

त्यानं दात आवळले.

स्वयंपाकघरातून सून डोकावली. "मामंजी, मघापासून ओ कुणाला देताय?"